करंजपाड्याची रहदारी

तुळशीदास गुरुजी करंजपाड्यातच राहतात, असा दाखला दरवर्षी त्यांच्याच सहीने वरच्या कचेरीत जात असे, आणि ते जव्हारला राहतात हे त्या कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवण्याचं अवघड काम एक लाल गाडी करत असे. सकाळी ती जव्हारहून निघायची, मोखाड्यावरून सूर्यमाळचा चढ चढायची आणि डांबर जिथे संपतं तिथे, म्हणजे करंजपाड्यात, साडेनऊला येऊन टेकायची. गुरुजींना उतरवायची आणि मोखाड्याला जाणाऱ्यांना घेऊन परत फिरायची. संध्याकाळी पुन्हा उलट. बाविसाव्या शतकापर्यंत हे असंच चालेल, अशी गुरुजींची समजूत होती.

मात्र २००४ सालच्या दिवाळीनंतर सरकारला बुद्धी सुचली. ती बावीस पानी परिपत्रकाच्या रूपाने शाळेत आली. 'दुर्गम भागात बुद्धिमान वाहतूक प्रणाली अंगीकारण्याबाबतचे धोरण' असं तिचं नाव. या बावीस पानांत 'बुद्धिमान' हा शब्द एकतीस वेळा आला होता. रस्त्यातल्या खड्ड्यांचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण खड्डे दुसऱ्या खात्याकडे होते. एकोणिसाव्या पानावर मात्र गुरुजी थबकले. ज्या मार्गावर दिवसाला सरासरी साठ वाहनंही जात नाहीत, तिथल्या प्रवासी फेरीचा 'फेरविचार' होणार होता. सरकारी फेरविचार म्हणजे काय, हे कळण्याइतकी नोकरी गुरुजींची झाली होती.

चारच दिवसांनी ठाण्याहून हर्षाली मॅडम जीप घेऊन आल्या. वय सव्वीस-सत्तावीस, हातात मोठी वही, आणि बरोबर एक यंत्र. यंत्र म्हणजे रस्त्यावर आडवी टाकायची काळी रबरी नळी आणि तिच्या टोकाला कुलूप लावलेली लोखंडी पेटी. पेटीला छोटी काच होती, तिच्यात आकडे दिसत. पाड्याच्या तोंडाशी नळी ठोकून बसवली गेली तेव्हा बघायला सगळा पाडा लोटला. गुरांनासुद्धा त्या दिवशी चरायला जायची घाई दिसली नाही.

"गुरुजी, हे पंधरा दिवस तुमच्या ताब्यात," मॅडम म्हणाल्या. "पुढची चाकं गेली की एक ठोका पडतो, मागची गेली की दुसरा. दोन ठोक्यांचं एक वाहन."

"आणि मॅडम, वाहनच आलं नाही तर?"

"तर शून्य दिसेल."

"आणि शून्य दिसलं तर?"

मॅडमनी वहीत पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. "मी फक्त मोजायला आलेय, गुरुजी."

पाड्यातले जुने कारभारी देवजीबाबा इतका वेळ नळीकडे बघत उभे होते. ते म्हणाले, "बाय, माणसं नाय मोजायची?"

"माणसांचा रकाना नाही, बाबा."

"मंग गाडीत बसतं कोण?"

याचं उत्तर बावीस पानांत नव्हतं. मॅडम जीपमध्ये बसल्या आणि गेल्या. जाता जाता त्यांच्या जीपने दोन ठोके दिले. पहिल्या दिवसाचा हिशेब सोपा होता: पाच. लाल गाडी सकाळी आली नि गेली, संध्याकाळी येणार नि जाणार, आणि मॅडमची जीप. साठाला पंचावन्न कमी पडत होते, आणि उद्यापासून तर जीपही नव्हती.

गुरुजींनी त्या दिवशी गाडी पकडण्याआधी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा करून एकोणिसावं पान वाचून दाखवलं. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. स्वतःच्याच दाखल्याप्रमाणे करंजपाड्यात राहायला लागणं म्हणजे काय, ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभं होतं. लोकांना वाटलं, गुरजींना आपला केवढा कळवळा!

पण खरा घाव बसला तो चैतीला. तिची मीना याच गाडीने मोखाड्याला बारावीला जात होती. करंजपाड्यातली बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली पोर. चैतीने तिच्यासाठी काय काय केलं होतं ते पाड्याला माहीत होतं. नवऱ्यामागे एकटीने शेत कसून तिने पोरीला एकही दिवस घरी बसवलं नव्हतं.

"गाडी गेली त माझी पोर शिकंल कशी?" चैती म्हणाली. "चार घंटं चालत जाईल आन् चार घंटं येईल, मंग पुस्तक कवा उघडंल?"

"चैतीबाय, मी काय करू? आकडा यंत्राच्या हातात आहे."

"यंत्राला हात कुठं हाय, गुरजी?" असं म्हणून ती रागारागाने उठली आणि जळणाची मोळी उचलून चालू लागली. नळीपाशी आल्यावर तिने ती मोळी, सगळा राग एकवटून, धाडकन खाली आपटली. पेटीत 'टक्' झालं. चैती थांबली. तिने मोळी उचलली आणि पुन्हा आपटली. काचेत तिनाचे चार झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चैती भात सडायचं मुसळ घेऊन रस्त्यावर आली. उखळाच्या जागी नळी, एवढाच काय तो फरक. एकशेबारा घाव घातले की छप्पन्न वाहनं जात. लाल गाडी साडेनऊला आली तेव्हा सकाळची निम्म्याहून जास्त रहदारी उरकून चैती न्याहारीला बसली होती. गुरुजींनी काचेत पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि मुकाट्याने शाळेत जाऊन त्या दिवशी प्रामाणिकपणावरचा धडा गाळून पुढचा घेतला.

इथेच थांबलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण करंजपाड्यात एकीवर भार टाकायची पद्धत नाही. विहिरीचा गाळ असो की कुणाचं घर शाकारणं असो, प्रत्येक घरानं आपला वाटा उचलायचाच. देवजीबाबांनी फर्मान काढलं, "चैती एकटी का म्हनून मरंल? गाडीत बसतो त समदे. घरटी एक मानूस, एक मुसळ!" पाड्यात तेवीस घरं होती. साठाचा आकडा घरांत वाटून घ्यायचा, हे देवजीबाबांच्या मनात होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि लोकांना वाटलं, घरटी साठ.

शिवाय शेजारच्या घराने अंगचोरपणा केला तर गाडी आपलीही जाणार, ही भीती होतीच. म्हणून प्रत्येक घर दुसऱ्याच्या वाट्याची दहा-वीस वाहनं जास्तीची घालू लागलं. पहाटे पाचपासून रांग लागायची. घुसाघुशी व्हायची. एकदा रखमी आणि काळी या दोघी जावांमध्ये कुणाचं मुसळ आधी, यावरून भांडण झालं, आणि ते मिटेपर्यंत मागच्या सगळ्यांचा खोळंबा झाला. करंजपाड्याच्या इतिहासातली ती पहिली वाहतूककोंडी.

गुरुजी रोज सांगत, "अरे, बास! साठ म्हणजे साठ! जास्त झालं तरी पंचाईत होते."

"जास्त चांगल्यानं कदी पंचाईत झाली, गुरजी?" देवजीबाबा म्हणत. "त्यांनी साठ मागितल्या, आपून सोळाशे दिऊ. सरकारबी खूश हुईल." सरकारशी देवजीबाबांचा संबंध फार थोडा आला होता, त्यामुळे त्यांचं मन अजून स्वच्छ होतं.

पंधराव्या दिवशी हर्षाली मॅडम आल्या. त्यांनी पेटी उघडली, आकडे उतरवले, दोनदा तपासले. मग त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. डावीकडे एक शेळी होती. उजवीकडे तीही नव्हती.

"गुरुजी, रोजची सरासरी एक हजार सहाशे बारा आहे. जव्हारच्या नाक्यावरसुद्धा एवढी येत नाही." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आता अकरा वाजलेत. कुठे आहेत सगळी?"

गुरुजींनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही... म्हणजे गर्दीची वेळ टळल्यावर आलात."

"हो, पेटीतही तसंच आहे. पहाटे पाच ते सात. आणि दोन चाकांमधलं अंतर वीतभरसुद्धा नाही. एवढीशी कुठली वाहनं ही?"

"डोंगराळ भाग आहे, मॅडम. इथे लहानच चालतात."

मॅडमची नजर फिरत फिरत समोरच्या कुडाला टेकून ठेवलेल्या मुसळांवर गेली. तेवीस मुसळं, एका ओळीत. प्रत्येकाच्या टोकाला काळ्या रबराचा डाग. मग त्यांनी परिपत्रकाचं शेवटचं पान उघडून गुरुजींपुढे धरलं. 'प्रत्यक्ष पाहणी व यंत्राची नोंद यांत तफावत आढळल्यास यंत्राचीच नोंद ग्राह्य धरावी.'

"मी काय पाहिलं याला किंमत नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि आकडा लिहून गेल्या.

पाड्यात त्या दिवशी गूळ वाटला. साठाची परीक्षा होती आणि करंजपाडा सोळाशेने पास झाला होता. चैतीने मीनाला नवं दप्तर आणायचं ठरवलं.

जानेवारीत हुकूम आला. गुरुजींनी तो ओट्यावर वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला खाली बसले. करंजपाडा मार्गाची गणना 'अतिरहदारीचा मार्ग' अशी झाली होती. अशा मार्गावर कोंडी टाळण्यासाठी जड वाहनांना बंदी करावी, असं धोरण होतं. करंजपाड्याला येणारं जड वाहन एकच होतं.

"म्हंजी गाडी?" चैतीने विचारलं.

"सोमवारपासून बंद. गर्दी फार आहे म्हणून."

देवजीबाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मीना शाळेच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

हुकमाच्या खाली आणखी एक ओळ होती. रहदारीला शिस्त लागावी म्हणून करंजपाडा चौकात बुद्धिमान सिग्नल मंजूर झाला होता. चौक म्हणजे जिथे डांबर संपून बैलगाडीची वाट सुरू होते ती जागा. आठ दिवसांत खांब उभा राहिला, वर सूर्यावर चालणारी काच बसली, लाल-पिवळा-हिरवा लागला. मोठी हुशार वस्तू होती ती. नळीवर वाहन आलं तरच हिरवा होई, एरवी लाल. वाहन येणारच नव्हतं, त्यामुळे तो चोवीस तास लाल होता आणि समोरच्या माळाला थांबवून धरत होता. देखरेखीचं काम अर्थातच गुरुजींकडे आलं. आता ते शाळेच्या खोलीत सतरंजी टाकून राहत होते, आणि त्यांचा दाखला पहिल्यांदाच खरा झाल्यामुळे फार कष्टी होते.

मीना चालत जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाय सुजवून परतली, आणि चैती मुसळ घेऊन बाहेर पडली. सिग्नलच्या खांबावर तिने असा घाव घातला की वरचा लाल दिवा फुटून विझला.

"चैतीबाय! सरकारी मालमत्ता ती!" गुरुजी धावत आले.

"माझी पोरबी सरकारचीच हाय ना? तिच्या पायावर कोन देखरेख करतो?"

गुरुजींनी मान खाली घालून काचा गोळा केल्या. पण नोकरीची काळजी होती, म्हणून ते तसेच सूर्यमाळला चालत गेले आणि दुकानातल्या फोनवरून ठाण्याला कळवलं: लाल दिवा बंद, कारण अज्ञात.

गाडीसाठी पाड्याने आजवर चौदा अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. दिवा विझल्याचा फोन संध्याकाळी सहाला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेसातला जव्हारहून जीप हजर! परिपत्रकाच्या चौदाव्या पानावरच होतं तसं: सिग्नलमधला दोष चोवीस तासांत दूर करावा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा येऊन दुरुस्तीची पडताळणी करावी. कारागिराने नवा दिवा बसवला. जीप रिकामी परत निघाली होती. मीना दप्तर घेऊन उभी होती. "मोखाड्याला चाललाय?" तिने विचारलं. संध्याकाळी पडताळणीला जीप आली तेव्हा मीना तिच्यातून उतरली आणि गुरुजी तिच्यात चढले.

त्या रात्रीचं जेवण गुरुजी जव्हारला घरी जेवले. निघताना चैतीला ते एवढंच म्हणाले होते, "दिवा आज परत जाईल का गं?"

"दिव्याचं काय सांगावं, गुरजी," चैती म्हणाली.

दिवा रोज जाऊ लागला. कधी लाल, कधी पिवळा. फोन करायला सूर्यमाळपर्यंत कोण जाणार याच्या पाळ्या देवजीबाबांनी लावल्या, आणि या खेपेला घरटी एकच फोन असं तीनदा बजावून सांगितलं. जीप साडेसातला येई. लाल गाडी कधी इतकी वेळेवर आली नव्हती. मीनाबरोबर भाजीवाल्या, दवाखान्याला जाणारे, तालुक्याला कामं असलेले, असे दहा-बारा जण रोज बसू लागले.

पंधरवड्याने जीपमधून कारागिराऐवजी हर्षाली मॅडम उतरल्या. त्यांनी खांबाभोवती फेरी मारली, दिव्याच्या ठिकऱ्या पायाने बाजूला केल्या आणि वही उघडली.

"गुरुजी, सोळा दिवसांत सोळा दिवे. वर विचारताहेत, नवे दिवे टिकत का नाहीत? एवढे दिवे संपले तर सिग्नलच काढून नेतील."

चैतीने मुसळ पाठीमागे लपवलं. मुसळ तिच्यापेक्षा वीतभर उंच होतं.

मॅडमनी जीपमागे जाऊन एक वेताची टोपली काढली आणि चैतीच्या हातात ठेवली.

"फोडू नकोस, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर नुसती ही खांबावर पालथी घालून ठेव, सूर्याच्या काचेवर. ऊन मिळालं नाही की दिवा आपोआप विझतो. आणि आमची जीप दिसली की काढून घे." मग त्यांनी वहीत लिहिलं, 'दोष: सावली. रोज पाहणी आवश्यक', आणि मीनाला पुढच्या सीटवर सरकायला सांगितलं.