उसुईबाईंची पाच वाक्यं

कानाझावात माझ्याएवढा तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही नाही, असं बायको म्हणते. पण ती पुराव्यानिशी बोलत नाही. पोटापाण्यासाठी मी, कुरामोची, चष्मे विकतो. त्यामुळे इतरांना न दिसणारं मला दिसतं.

दर बुधवारी तोयोबाईंच्या चहाच्या दुकानात आमचं अतिलघुकथा मंडळ जमतं. आम्ही सहाजण. कथा पेन्सिलीने, चौकटीत एक अक्षर अशा चारशे चौकटींच्या एकाच कागदावर. परवा उसुईबाई आपली कथा टेबलावर ठेवून टपालाचं पाकीट आणायला गेल्या आणि येऊन बघतात तो कागद कोरा! वर नुसतं नाव, 'सासूबाईंची छत्री'.

"अकरा वर्षं स्पर्धेतून कथा परत येतेय माझी," बाई रडकुंडीला आल्या. "आज पाचपर्यंत टाकायची होती. यंदा कधी नव्हे ती पाचच वाक्यांत बसवली होती हो! एकेक वाक्य तीस वेळा बदललंय, शेवटचं कुठलं ते काय डोंबल आठवणार!"

मी 'पाच' सोडून बाकी सगळं टिपून घेतलं.

"सासूबाई हयात आहेत?"

"वारल्या."

"मग त्यांचंच काम. बदनामी सहन झाली नाही."

"कुरामोची, तोंड आवरा," निवृत्त स्टेशनमास्तर कागामी म्हणाले. मी लगेच त्यांच्यावर संशय घेतला. मग शाईवर. शाई नव्हतीच हे कळल्यावर दमट हवेवर.

एवढ्यात तोयोबाई फडकं घेऊन आल्या. "हा रबराचा चुरा कोण पुसणार? पाच जणांसमोर पाच ढीग!"

सगळे आपापल्या चहात बघू लागले. मंडळाचा नियमच आहे: दुसऱ्याची कथा हाती आली की त्यातलं एक फालतू वाक्य खोडायचं, आणि कुणी खोडलं ते कधी सांगायचं नाही. एरवी बाई वीस-वीस वाक्यं लिहायच्या, पाच गेल्याचं कळतही नसे.

पाचवा ढीग माझ्यासमोर होता.

"पुरे तुमचा सभ्यपणा," तोयोबाई कडाडल्या. "ज्यानं जे खोडलं ते त्यानं बोला. बाई, तुम्ही लिहा."

मान खाली घालून एकेकजण बोलला. शेवटी मी.

"माझ्याकडे कागद आला तेव्हा एकच वाक्य उरलं होतं."

"आणि तेही खोडलंत?" मास्तर ओरडले.

मी ते म्हणून दाखवलं: "त्या गेल्या, आणि त्यांची छत्री मी पहिल्यांदाच न विचारता उघडली."

बाईंनी लिहून घेतलं आणि मला विचारलं,

"खरं सांगा, यात फालतू काय होतं?"

वीस वर्षं लिहितोय मी. खोटं बोलवेना.

"काहीच नाही," मी म्हणालो. "मला सुचलं नव्हतं, एवढंच."

बाईंनी कागद आत सरकवून पाकीट चिकटवलं. टपाल गाठायला आम्ही सहाहीजण धावलो. पाकीट मात्र कुणी माझ्या हातात देईना.