नकाशात नसलेलं कँटीन

शिवलकर साहेब कँटीनचा चहा कँटीनच्या बाहेर उभं राहून पितात. भर जुलैत एका हातात छत्री, दुसऱ्यात ग्लास, आणि चहात पत्र्यावरच्या पागोळ्या. आत बाकडं रिकामं असतं. विचाराल तर उत्तर ठरलेलं: "नकाशात नाही तिथे मी बसत नाही."

रत्नागिरीतल्या आमच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या आवाराचे नकाशे हे सांभाळतात. कुठली खोली कुठे, गटार कुठून जातं, केबल कुठे पुरलीय, सगळं आधी त्यांच्या कपाटात होतं, आता संगणकात आहे. मी आस्थापना विभागातला कारकून. पण टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो आणि तो नेहमी मीच. संचालकांच्या केबिनमधलं पार्टिशन सरकलेलं दिसलं, तेव्हा ह्या गृहस्थाने खुद्द संचालकांना खुर्चीतून उठवून माप घेतलं होतं. वर म्हणे, "बसा आता. आता तुम्ही नकाशात आहात." संचालक हसले, पण जरा जपूनच बसले.

कुसुमताईंची कँटीनची शेड मात्र त्यांनी कधीच नकाशात घेतली नाही. ताई पाली गावाकडच्या. नवरा गेल्यावर चहा-वड्यावर दोन मुलींना शिकवतायत. शेडला परवानगी नव्हती. कुणी मागितली नाही, कुणी हटकलं नाही. एवढासा चौकोन काढायला ह्या खवट माणसाच्या बापाचं काय जातंय, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

यंदा नव्या ग्रंथालयाकडे रस्ता न्यायचं ठरलं. मुख्य कार्यालयातून साहेब लोक आले, वरच्या मजल्यावर एसीत बसले, आम्ही दोघांनी त्यांच्यापुढे नकाशा पसरला. शेडच्या जागी कोरा कागद. त्यावरून त्यांनी पेन्सिलीने सरळ रस्ता ओढला. खिडकीतून खाली डोकावले असते तर वड्यांचा धूर दिसला असता, पण डोकावतो कोण! ताईंचं पोटपाणी गेलंच म्हणायचं.

तेवढ्यात शिवलकर पुढे झाले. "इथून नाही जमायचं. खालून पाण्याची जुनी लाइन गेलीय," म्हणाले, आणि तिथल्या तिथे तुटक रेघ मारून दाखवली. मग रस्ता काजूंच्या पलीकडून वळवायचं ठरलं आणि मंडळी उठली.

आता ती सगळी जमीन मी टेप धरून पालथी घातलीय. खाली नुसता कातळ. पाइप सोडा, गांडूळ शिरायचं नाही. जिना उतरताना मी विचारलंच, कसली लाइन?

"नाहीच आहे," ते म्हणाले. "अरे, शेड नकाशात घेतली असती तर पहिल्याच तपासणीत बेकायदेशीर म्हणून पाडली असती. आणि आत जाऊन बसलो असतो, तर मला ती दिसली असं झालं असतं."

जन्मात चुकीची रेघ न मारलेला माणूस! मी म्हटलं, साहेब, एवढं कशासाठी?

ते पायरीवर थांबले. "घरी मी एकटा. दिवसभरात मला जेवलात काय म्हणून विचारणारी ती एकच आहे."

आम्ही खाली आलो. साहेब पत्र्याबाहेर आपल्या जागी उभे राहिले. ताईंनी चुलीवरून मान वर केली. "साहेब, जेवलात काय?"

"नाही अजून," शिवलकर म्हणाले.

बैठकीआधी आम्ही दोघांनी शेजारी बसून डबे संपवले होते. ताईंनी दोन गरम वडे बाहेर आणून दिले, आणि साहेबांनी ते सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले.