एरंडाची पाच पानं

“तुमच्यातलंही कोणी चालून दाखवता का?” मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे विचारायचं, अशी पैज शालू आणि विमल या माझ्या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. मी लगेच हो म्हटलं. बुलढाण्यात माझ्याइतकी जोरात पळणारी मुलगी नाही. मी काय पाहुण्यांना भिते!

भीत होते ती उजव्या गुडघ्याला. सासरी मुक्काम ठोकलेल्या जावयासारखा तो दोन महिने उठता-बसता मान मागत होता. घरी कोणाला पत्ता नव्हता. आता माझा पेच बघा: पाहुण्यांसमोर लंगडले तर बाबा पळणं बंद करणार, नाही लंगडले तर लग्न ठरून शाळाच बंद! आणि पुढच्या महिन्यात अमरावतीला सगळ्या वऱ्हाडातल्या शाळांच्या पळण्याच्या शर्यती.

पण माझा बेत पक्का होता. लंगडायचं नाही, आणि तो प्रश्न विचारून पाहुण्यांनाच पळवायचं. एरंडाच्या एका गरम पानानं गुडघ्याला बरं वाटतं, म्हणून मी लुगड्याच्या आत चिंधीनं एकदम पाच पानं बांधली.

रोहिणखेडहून मुलगा निवृत्ती, त्याची आत्या सत्यभामाबाई आणि काका तुळशीराम आले. पोहे झाले. नाव, इयत्ता, भाकरी येते का, सगळं विचारून झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, “पोरी, जराशी चालून दाखव.”

तीन पावलं झकास गेली. चौथ्याला चिंधी सुटली. एक पान पडलं. मग दुसरं. दारापर्यंत पोचले तेव्हा माझ्यामागे पाचही पानं पडलेली, जशी काही मलाच पानगळ लागली होती! आणि वर मी लंगडत होते.

माय म्हणाली, काटा रुतला. त्याच दमात बाबा म्हणाले, विहिरीवर घसरली. आत्याबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि निवृत्तीच्या कानाशी लागल्या. त्यातला ‘पांगळी’ एवढा शब्द मला ऐकू आला. बाबांचा चेहरा पार उतरला. मग मात्र माझं डोकं फिरलं.

“मंग तुमच्यातलंही कोणी चालून दाखवता का?”

मायच्या हातातलं सुपारीचं तबक कललं. तुळशीरामकाका भिंत धरून उठले. दोन पावलं चालले, तीही लंगडत. मग त्यांनी धोतर गुडघ्यावर घेतलं. तिथंही एरंडाचं पान!

“वीस वर्सं घाटातून डाक नेली म्या, पळत,” ते म्हणाले. “तू कुठं पळतं व?”

मी खरं सांगून टाकलं. अमरावतीच्या शर्यतीसाठी, शालूकडे पाठांतराला जाते असं सांगून रोज सकाळी राजूर घाटाच्या उतारानं रस्त्याखालच्या मोरीपर्यंत, जीव खाऊन.

“उतरणीले पळून राह्यली, म्हून दुखते. पंधरा दिवस आराम दे, बरा होते. मंग चढाले पळ, उतरणीले चाल. माह्या वक्ताले मले कोणी सांगतलं नाही.” मग ते आत्याबाईंकडे वळले. “पोरगी पांगळी नाही. जाऊ द्या तिले अमरावतीले. लग्नाचं दोन वर्सांनं पाहू.”

निवृत्तीनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मला रागच आला. त्यालाही आधी मॅट्रिक व्हायचं होतं, हे मागाहून कळलं.

पाहुणे गेल्यावर बाबा ओरडतील म्हणून मी दाराआड उभी राहिले. बाबा ओट्यावर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, “मले वाटलं, पोरीचा पायच गेला.” माय पानं वेचत होती. त्यातलं एक धड पान तिनं माझ्यासाठी चुलीपाशी ठेवलं.

मग मी पैज जिंकलेल्या ऐटीत, लंगडत लंगडत पुढे झाले आणि जाहीर केलं, “माय, बाबा, मी ठरवलं. आता पंधरा दिवस मी फक्त चालून दाखवीन.”