साळवी गुरुजींचे शेरे

साळवी गुरुजी तापाने फणफणले तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी थर्मामीटर झटकत सांगितलं, "एकशे तीन." गुरुजी खाटेवरूनच म्हणाले, "आकडा नको डॉक्टर, शेरा द्या." डॉक्टर वैतागून म्हणाले, "मरायला टेकलायत." ते ऐकून गुरुजींना इतकं समाधान वाटलं की ताप जागच्या जागी उतरला. मी तरी असंच सांगत आलोय.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या शाळेत आम्ही दोघेच शिक्षक. गुरुजी मुख्य, मी हाताखालचा. गुरुजी पोरांना गुण देत नसत. "आकडा गुरांना, शेरा माणसांना," हे त्यांचं पालुपद. चार ओळींच्या उत्तराला सात ओळींचा शेरा. एका पोराला त्यांनी लिहिलं होतं, "भागाकार चुकला आहे, पण ज्या निर्भयपणे चुकला आहे, तो निर्भयपणा वर्गातल्या एकाही हुशाराकडे नाही." निकालाच्या आठवड्यात पोलादपुरात शाई मिळेनाशी व्हायची. पोस्टमास्तर पेन्सिलीने सह्या करायचे.

तपासणीच्या साहेबांना आकडे लागतच. ते मी रजिस्टरात अंदाजपंचे भरायचो. घरी जाणाऱ्या प्रगतिपुस्तकात मात्र गुणांचे रकाने कोरे, आणि खाली गुरुजींचं वळणदार अक्षर.

चौथीत पारू होती. बाप नाही. आई वरच्या वाडीत दोन म्हशींवर घर चालवायची. पारूच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजी दोन दिवस बसले, जेवायलासुद्धा उठेनात. लिहिलं, "ही वाचते तेव्हा मास्तरही ऐकत राहतो. हिला पुढे शिकवाच."

जूनमध्ये पाचवीचा वर्ग पोलादपूरला भरला. पारू काही खाली उतरली नाही. गुरुजी मला घेऊन वाडीवर गेले. पारूची आई शेण भरत होती. पोरगी कुठे, विचारलं तर म्हणाली, मुंबयला. भाऊ आला होता, घरकामाला घेऊन गेला.

गुरुजी भडकले. एवढं लिहून पाठवलं होतं, म्हणाले. बाईने हात पुसले, आतून प्रगतिपुस्तक आणून उघडलं.

"ह्यात आकडा कुठं हाय, गुरुजी? अक्षर मला कळत नाय. आकडे कळतात, यष्टीवरचे वाचते मी. पोरगी आकड्यालाबी लायक नाय, असंच वाटलं मला."

गुरुजींनी शेरा वाचून दाखवला. बाईने परत वाचायला लावला. मग विचारलं, "ह्ये समदं पारूवर लिवलंव?"

गुरुजी मान हलवत राहिले. मग म्हणाले पत्ता द्या, आत्ता पत्र टाकतो, पाचवीत नाव घालायला अजून वेळ आहे.

बाईने भिंतीकडे बोट केलं. कोळशाने लिहिलेलं, १९.

"भावाच्या खोलीचा नंबर."

चाळ कुठली? गल्ली कुठली? नाव भावाने सांगितलं होतं, पण बाईच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आकडा तेवढा तिने लिहून घेतला होता. भावाचा पुढे निरोप नाही, काही नाही.

गुरुजींनी ते प्रगतिपुस्तक मागून घेतलं. उतारावर मी दोन-तीन थापा मारून पाहिल्या. ते हसले नाहीत.

पुढच्या निकालाला त्यांनी सगळ्यांना आकडे दिले, लाल शाईने, हरभऱ्याएवढे. शिवाय शेरे वाचून दाखवायला घरोघर डोंगर चढले. ह्यात मात्र माझी पदरची भर नाही.

आणि दर मे महिन्यात पारूचं प्रगतिपुस्तक पिशवीत घालून ते मुंबईची एसटी पकडायचे. सुट्टी संपता संपता परत यायचे, चपला झिजवून. स्टँडवर कोणी हटकलं तर सांगायचे, मुलीकडे चाललोय.

गुरुजींना मूलबाळ नव्हतं.