दिवा विझला की काम झालं

सिद्धप्पांच्या दुकानात दिवा विझला की सगळ्यांना आनंद होतो.

हा दिवा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेला शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला सिद्धप्पा थेट वीज देत नाहीत, आधी या बल्बमधून देतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि वस्तू वाचते. शॉर्ट नसेल तर जरासा लुकलुकून विझतो. मग सिद्धप्पा "झालं की" म्हणतात आणि पान लावतात.

घरी नवाकोरा टीव्ही आला, तोही खोक्यातून काढून आधी दुकानात आणला आणि बल्बवर लावला. बायको दोन दिवस बोलली नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान शेजारीच. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या स्टुलावर. त्यांनीच मला सांगितलं, की आजकालच्या प्रत्येक चार्जरच्या पोटात एक बोर्ड असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतो. हजारो वेळा! मी दिवसातून एकदा शटर उघडतो तर कंबर धरते. सोलापुरातल्या यंत्रमागांचे, श्रीपूरच्या कारखान्याचे असे जळके बोर्ड त्यांच्याकडे येतात. कुणी घाई केली की हे मूळचे सीमेवरच्या मैंदर्गीचे सिद्धप्पा कानडीत "तडी, तडी" म्हणतात, म्हणजे थांब जरा.

रोज चार वाजता ते एक फोन लावतात. दोन रिंगा झाल्या की कापतात. मी चेष्टा करायचो, "अहो सिद्धप्पा, आता बोलणं फुकट झालंय!" एकदा त्यांनी सांगितलं. मैंदर्गीला थोरला भाऊ आहे, अण्णा. वडिलांच्या दिवसकार्यात दोघांचं वाजलं. "मी एक शब्द जादा बोललो, मालक. फ्यूज ठिवला न्हवता." तेव्हापासून अकरा वर्षं अण्णा फोन उचलत नाहीत.

"मग दोनच रिंगा का?"

"शॉर्ट असताना सारखी वीज रेटायची न्हाय. थोडी द्यायची, बघायचं, बंद करायचं. उद्या परत. रिंग जाती की अजून. नंबर बंद न्हाय केला त्येनं."

गेल्या महिन्यात जीपमधून एक बाई उतरली. चादरीत गुंडाळलेलं ऑक्सिजनचं मशीन घेऊन आली होती. अण्णांची सून.

"मामांचं मशीन हाय, काका. तिकडचा मेकॅनिक म्हणला, मेलं. सिलिंडर उसना आणलाय, पर त्यो रातीपत्तूरच पुरंल."

"अण्णाला म्हाईत हाय, हितं आणलंय ते?"

"न्हाय."

सिद्धप्पांनी मशीन उघडलं, बोर्ड बल्बवर लावला. बल्ब पुरता पेटेना, विझेनाही; आतून आवाज यायला लागला. टिक. टिक. टिक.

"मेलं न्हाय," ते म्हणाले. "पुढं शॉर्ट हाय. बोर्ड दर टिकीला वीज सोडून बघतंय आणि लगीच हात मागं घितंय. म्हणून वाचलंय."

आता शॉर्ट शोधायचा कुठे? बोर्डावर तिळाएवढे शंभर-दीडशे भाग. मला तर बघूनच धडकी भरली. सिद्धप्पांनी मेनची वीज काढली, शॉर्ट असलेल्या पुढच्या बाजूला दुसरीकडून अगदी किंचित वीज दिली आणि कापसाच्या बोळ्याने सगळ्या बोर्डावर स्पिरिट फिरवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकवलं. मी काहीतरी विचारणार, तर "तडी!"

सगळा बोर्ड ओला आणि मधला एकच तीळ कोरडा पडला. शॉर्ट झालेल्या भागाला ताप चढतो, तिथलं स्पिरिट आधी उडतं. तो तीळ काढला, डबीतला दुसरा बसवला, पुन्हा बल्बवर लावलं. बल्ब लुकलुकला आणि विझला. टिकटिक थांबली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण "झालं की" कुणी म्हणालं नाही. पानाचा डबाही तसाच राहिला. सून मशीन घेऊन त्याच जीपने मैंदर्गीला परतली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम स्टुलावर जाऊन बसलो. त्यांनी फोन लावला. एक रिंग. दुसरी. अंगठा फोन कापायला सरकला, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

 पलीकडून शब्द येईना. सिद्धप्पांनी फोन कानाला दाबून धरला. मग फोन माझ्यापुढे धरला. अख्ख्या बाजाराचे शॉर्ट शोधणारा हा माणूस, आणि विचारत होता मला.

"मालक, तुमी ऐका. मशीन बराबर चालतंय का? मला कायबी कळंना झालंय."

मी कान लावला. मागे मशीनची संथ घरघर होती आणि अगदी जवळ एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

"चालतंय, सिद्धप्पा," मी म्हणालो.

त्यांनी फोन परत घेतला आणि कानाला लावला. त्या दिवशी त्यांनी तो कापला नाही.