सत्त्याण्णव टक्के

सांगून ठेवते, अख्ख्या जळगावात माझ्याइतक्या काटेकोर हाताची संशोधक दुसरी नाही! निदान खंडेनवमीच्या सकाळपर्यंत तरी नव्हती.

माझं काम म्हणजे, पुढे स्वादुपिंड बनून इन्शुलिन देऊ शकतील अशा मोजक्या पेशी लाखोंच्या गर्दीतून वेगळ्या काढायच्या. त्यांच्या अंगावर एक खूण असते. तिलाच नेमका चिकटणारा हिरवा चमकता रंग घालायचा, की मशीन चमकणाऱ्या पेशी बाजूला काढतं. सहा आठवडे वाढवलेली ही शेवटची खेप होती. ती वाया गेली की माझी पीएचडीची मुदतही गेली!

रंग घातलेली नळी उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळून मी बर्फात ठेवली. तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई निंबाआबा पूजेचं ताट घेऊन आले.

"मशीनले हळद-कुंकू लावूत, ताई."

"फूल ठेवा. हळद अजिबात नाही!"

"हळदबिगर खंडेनवमी व्हस का?" आबांचं तोंड एवढंसं झालं. मी चहाला निघून गेले.

परत येऊन नळी मशीनला लावली. शंभरात पाच पेशी चमकल्या तरी मी नाचणार होते. चमकल्या सत्त्याण्णव! मी धुळ्याला माझे गाइड भामरे सर यांना फोन लावला.

"सर, सत्त्याण्णव टक्के!"

"काय सांगतेस! निघालोच!"

दोन तासांत सर पेढे घेऊन हजर! पडद्याकडे पाहता पाहता त्यांचं हसू मावळलं.

"रंग न घातलेल्या पेशी आपोआप चमकत नाहीत ना, हे आधी तपासलंस ना?"

"नाही... म्हटलं, तेवढ्याच पेशी वाचतील..."

सरांनी नळीचा कागद सोडला. तळाशी पिवळा गाळ!

दारातून निंबाआबा म्हणाले, "ताईनी मशीनले नही सांगं, म्हनीसन पेशीस्मा चिमूटभर टाकी दिधी."

"आबा! हळदसुद्धा त्या मशीनमध्ये हिरवी चमकते हो! सगळं गेलं माझं!"

"रोज दोनदा इन्शुलिननी सुई टोची लेस मी, ताई. वाटनं, तुम्हनं काम फत्ते व्हई जावो..."

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. काय करावं न सुचून सरांनी पेढ्यांचा डबा आबांपुढे धरला.

"माले साखर शे, सर."

सरांना भूक नव्हती. शेवटी ते अर्धा किलो पेढे मी एकटीनंच रडत रडत संपवले. खोटं कशाला बोलू, चवीला फारच छान होते!