न्याहारीच्या स्वारीची आणि खवट अक्रोडांची हकीकत

श्री. चुलीस वंदन, तव्यास वंदन, आणि जी जीभ खरे सांगते तीस तिसरे वंदन. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, रविवार, दिवस अकरा घटका चढला असता बशीत जे थालीपीठ येवोन पडले त्याचे मान ऐसे की, व्यास चार बोटे, जाडी पोह्याहून किंचित अधिक, संख्या तीन, आणि बशी परातीएवढी. थालीपिठावर पांढरा फेस होता, तो ताकाचा म्हणोन सांगण्यात आले. तो दोन पळांत निम्मा विरला आणि पाच पळांत अवघा विरोन खाली ओला डाग मात्र राहिला. डागाशेजारी अक्रोडाच्या फाका नऊ. एवढ्या सामग्रीवरोन एका राज्याच्या वारशाचा निकाल लागला, तो कैसा, ते पुढे लिहिले असे.

राज्य होते घरगुती डब्यांचे. रोज चारशे डबे दोन प्रहरांच्या आत शहरात पोचते होत, आणि गादीवर कुमुदिनीबाई, वय वर्षे अडुसष्ट, यांचा अंमल होता. राजचिन्हे दोन, आमटीचे मोठे पातेले आणि लांब दांड्याची पळी. रोज सकाळी नऊ वाजता बाईसाहेबांनी आमटीचा थेंब तळहातावर घ्यावा, जिभेस लावावा, मान हलवावी, आणि मग डबे भरावे, तोवर कोणी झाकणास हात लावू नये, ऐसा शिरस्ता. बाईंचे सासरे, ज्यांनी राज्य स्थापिले, त्यांनी दुसरा कायदा घालून ठेविला होता की, पानात पडेल त्यास कोणी नावे ठेवू नयेत. तो अधिकार एकट्या गादीवरील जिभेचा, इतरांनी 'छान' म्हणावे आणि उठावे. तो कायदा घरात आणि मुदपाकखान्यात चाळीस वर्षे पाळला गेला, आणि तेणेकरून त्या घराइतके 'छान' म्हणणारे लोक अन्यत्र नव्हते.

बाईंच्या मागे गादी कोणाची, हा प्रश्न दोन वर्षे पडोन होता. एक हक्कदार पुत्र उपेंद्र, जो हिशेब पाहात असे आणि शहरातील नावाजल्या जागा पाहात असे. दुसरी सून शर्वरी, जी पहाटे पाचास मुदपाकखान्यात उभी राही. दोघे नवराबायको, एका छताखाली नांदत, परंतु गादी एक आणि पळी एक. माणसे विचारीत, आणि बाई म्हणत, "बघू." संक्रांतीस म्हणाल्या, बघू. पाडव्यास म्हणाल्या, बघू. तिसरी संक्रांत आली तरी बघूच.

मग उपेंद्ररायांनी मसलत केली की, आईसाहेबांस एकवार पश्चिम वेशीकडील त्या थोर भोजनगृही न्यावे, जेथे न्याहारी उशिरा आणि जेवण लवकर असा एकच प्रकार वाढतात, आणि ज्याची कीर्ती फोनोफोनी झाली आहे, म्हणजे आईंस नवा जमाना दिसेल आणि कौल आपल्याकडे फिरेल. तीन आठवडे आधी जागा राखिली, तरीही दारात पाऊण तास उभे राहावे लागले. दारावर पाटी होती, त्यावर 'आजीच्या हातचे' ऐसे लिहिले होते. बाईंनी ती वाचिली आणि विचारिले, "कुणाच्या आजीच्या?" उपेंद्र म्हणाले, "आई, ती नुसती म्हणायची पद्धत असते." आणि मग आत घेतले, आणि बसावयास उंच तिवई दिली, जीस पाठ नव्हती, आणि बाईंचे पाय जमिनीपासून एक वीत वर राहिले.

एक सेविका येवोन म्हणाली, "आमचं थालीपीठ स्लो आहे हं, थोडा वेळ लागेल." शर्वरी म्हणाली, "आमचंही स्लोच असतं, पण आम्ही ते गिऱ्हाईकाला सांगत नाही." उपेंद्रांनी डोळे वटारिले. पुढे चाळीस मिनिटांनी ते तीन तुकडे आले, ज्यांचे मान वर लिहिले आहे, आणि त्यांची किंमत ऐसी होती की तेवढ्यात दहा डबे भरावे. उपेंद्रांनी आधी चारी बाजूंनी छायाचित्रे काढिली, आणि तेवढ्यात फेस विरला. मग तुकडा तोंडात घालोन डोळे मिटिले आणि बोलिले, "वा! छान आहे. आई, बघ, भाजणी तीच, पण मांडणी बघ. आपल्याकडे असं करायला हवं." बाईंनी तुकडा खाल्ला, अक्रोडाच्या चार फाका खाल्ल्या, पुत्राच्या मुखाकडे पाहिले, शेजारच्या मेजावरील मंडळींच्या मुखांकडे पाहिले, तेथे सर्वत्र संतोष होता, आणि म्हणाल्या, "छान आहे."

शर्वरीने अक्रोडाची एक फाक दातांखाली घेतली, थांबली, कागदी रुमालात काढोन ठेविली आणि स्पष्ट बोलिली, "अक्रोड खवट आहेत."

हे शब्द त्या घराण्यात गादीवाचून कोणी उच्चारिले नव्हते. उपेंद्ररायांचा काटा हवेत राहिला. ते म्हणाले, "हळू बोल गं. लोक तीन-तीन आठवडे थांबतात इथे."

"थांबतात म्हणून अक्रोड ताजे होत नाहीत."

"आईनं आत्ता छान म्हटलं ना? मग? आता तू आईच्या वर का?"

"वर नाही रे. शेजारी बसलेय. खाऊन बघ तूच."

"खाल्लाय मी."

"फोटो काढलायस. खाऊन बघ."

उपेंद्रांनी खाल्ला, चावला, पाणी प्याले, आणि आणखी पाणी मागविले. इकडे बाई पाचवी फाक बोटांत धरोन तिजकडे पाहात राहिल्या. वरोन फाकेत काही दोष नव्हता, रंग नेमका, सुरकुत्या नेमक्या. आणि येथे खरे वर्तमान लिहिणे प्राप्त आहे. दोन वर्षांपूर्वी बाईंस आठ दिवस ताप आला होता, तो उतरला, आणि उतरताना वास घेवोन गेला. जिभेस खारट, आंबट, गोड, कडू एवढे कळे. फोडणी, हिंग, तूप, जळके आणि खवट, हे जिभेचे नव्हेच, नाकाचे, ते कळेना. वैद्यास दाखविले नाही, घरात सांगितले नाही. रोज नऊ वाजता थेंब घ्यावा, मीठ तेवढे पाहावे, बाकीसाठी भोवतालच्या मुखांकडे पाहावे आणि मान हलवावी. आणि भोवतालची मुखे कायद्याने छान म्हणणारी. ऐसे दोन वर्षे चारशे घरांची आमटी एका मीठभर पुराव्यावर मंजूर होत होती.

बाईंनी फाक बशीत ठेविली आणि सुनेस विचारिले, "कसा असतो गं खवट वास? जरा सांग."

शर्वरीने सासूकडे पाहिले. हा प्रश्न त्या मुखातून यावा हे तीस विचित्र वाटले. म्हणाली, "आई, जुन्या खोबऱ्याच्या डब्याचं झाकण काढल्यावर घशात जे बसतं ना, तसं."

"आणि आपल्याकडे?"

शर्वरीने कागदी रुमालाची घडी घातली.

"विचारतेय मी. आपल्या आमटीत?"

"दिवाळीपासून येत होता. खोबऱ्याचा. मी दोनदा पोतं बदलून आणलं, तुम्हांला न सांगता. तुम्ही मान हलवत होतात. मला वाटलं, माझंच नाक खोटं."

"तुझं खरं होतं," बाई म्हणाल्या. "मला वास येत नाही. त्या तापापासून."

उपेंद्र म्हणाले, "आई, काय बोलतेस? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पळी ठेवावी लागली असती."

इतक्यात सेविकेने येवोन विचारिले, "सगळं छान ना?" आणि चाळीस वर्षांच्या सवयीने उपेंद्ररायांचे ओठ विलग झाले, परंतु आईकडे पाहोन ते थांबले. शर्वरीने नम्रतेने सांगितले की, अक्रोड बदलावे, आणि आहेत ते कोणास वाढू नयेत. सेविका म्हणाली, "आजवर कुणीच काही म्हणालं नाही हो." शर्वरी म्हणाली, "हो, आमच्याकडेही कुणी म्हणालं नाही."

सारांश, स्वारी मोठी झाली, द्रव्य बहुत गेले, पोट कोणाचे भरले नाही, आणि त्या थोर जागेच्या कीर्तीस काही धक्का लागला नाही. दाराबाहेर रांग तैसीच उभी होती. आणि बाई त्या पाठ नसलेल्या तिवईवरोन खाली उतरल्या, पदर सावरिला, पुत्राच्या खांद्यावर हात ठेविला, सुनेकडे पाहिले, आणि दोन वर्षे जे बघू म्हणोन ठेविले होते ते बोलिल्या, "उद्यापासून पळी तुझ्याकडे, शर्वरी. मी छान म्हटलं तरी खवट असेल ते तू खवटच म्हणायचंस."